अकरा सेकंदांची शांतता

४ फेब्रुवारी, मंगळवार

मोरीतला नळ घट्ट पिळला, कुकरखालचा गॅस बंद केला, पंखा थांबवला, रस्त्याकडची खिडकी ओढून घेतली. फ्रिजचं बटण बंद करायला गेले तर हे म्हणाले, "राहू दे, दूध नासेल. फ्रिज सगळ्यांकडे असतो." मग ह्यांनी बोट वर केलं आणि आम्ही दोघं एक मिनिट गप्प राहिलो. हे खुर्चीत, मी दारात, हातात ओलं फडकं.

तेव्हा तो काही खास दिवस नव्हता. अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तक वाचून रेकॉर्ड करायचं, तर रोज सकाळी आधी एक मिनिट खोलीची शांतता घ्यायची, हा ह्यांचा नियम. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. वाचताना खोकला आला की तेवढा तुकडा कापून तिथे ही शांतता भरायची. नुसतं कापून सोडलं तर ऐकणाऱ्याला तिथे भोक पडल्यासारखं वाटतं. वीस वर्षांत ह्यांनी अशी हजारो मिनिटं घेतली आणि काम झालं की पुसून टाकली. हे एकच राहिलं. मिनिट संपलं, पहिली ओळ वाचायच्या आधी ह्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "जरा पडतो."

पडले ते उठलेच नाहीत; चौदा महिने झाले. पुस्तक नवव्या प्रकरणावर अडलं होतं. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला देऊ. मी म्हटलं, मी वाचते. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही वाचायला शिकले ते हे वाचत असताना कपड्यांच्या घड्या घालता घालता ऐकून, आणि मग तीच पानं एकटीने चाळून. वाचण्याची भीती नव्हती. पण ह्यांचा तो रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम माझ्यापुढे ढिम्म हलेना. म्हणून त्याच्या फोरमवर गेले. प्रोग्रॅम वापरणारी माणसं तिथे आपापली रडगाणी लिहितात आणि बाकीचे वेळ काढून फुकट उत्तरं देतात. माझा पहिला प्रश्न होता, "आवाजात मधेच करकर येते. प्रोग्रॅम बिघडलाय का?" तुकडाही जोडला होता. फोरम सांभाळणारे मास्तर आहेत, पूर्वी तंत्रशाळेत शिकवायचे. त्यांनी लिहिलं, "बाई, प्रोग्रॅम ठणठणीत आहे. खुर्चीला तेल घाला. आणि पाठवण्याआधी दुसऱ्या कानाला ऐकवत जा. स्वतःच्या घरातला आवाज स्वतःला ऐकू येत नाही." सगळा फोरम हसला. तेव्हापासून तिथे मी करकरताई. तेल घातलेलं नाही. खुर्ची ह्यांची आहे.

आता मीच इतरांना उत्तरं देते. आज एक नवा आला, टोपणनाव 'निवांत'. आईला विसरायला होतं, गॅस चालू ठेवते, हा दिवसभर कामावर. म्हणून स्वयंपाकघरात छोटा रेकॉर्डर ठेवलाय. पण दहा तासांचं रेकॉर्डिंग ऐकायला दहा तास लागतात, काय करू? मी सांगितलं, शांतता गाळून टाकायची सोय आहे. एक पातळी ठरव, त्याखालचं सगळं कापलं जाईल, दहा तासांचा अर्धा तास उरेल. लगेच उत्तर आलं, "ताई, देवासारख्या धावून आलात."

असा मुलगा पोटी यायला नशीब लागतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

निवांतला पंख्याच्या घरघरीचा त्रास आहे. चाळीस सेकंदांचा तुकडा पाठवला होता, घरघर काढून दिला.

खाली राहणाऱ्या माझ्या नणंदबाई तेव्हा चहाला आल्या होत्या. ह्यांच्या मोठ्या बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं कानाला ठोकळा लावून बसल्या, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत.

"काय म्हणते ती त्यात?" त्यांनी विचारलं.

"मी बोलणं ऐकत नाही, वन्सं. दहा सेकंद ऐकते, तेही फक्त मागची घरघर. लोक विश्वासाने पाठवतात. न्हावी डोकं बघतो, डोक्यात काय चाललंय ते बघत नाही."

"आम्हीही ऐकायचो नाही हो," वन्सं बशीत चहा ओतत म्हणाल्या. "निदान साहेबांना तसं सांगायचो."

११ फेब्रुवारी, मंगळवार

नवख्यांची नेहमीची चूक निवांतनेही केली. नुसती प्रोजेक्टची फाइल पाठवली. तिच्यात आवाज नसतो, नुसता सांगाडा असतो. मी नेहमीचं उत्तर दिलं, आख्खं फोल्डर पाठव.

आलं. रेकॉर्डिंग ६ तारखेचं आहे. नीटनेटका माणूस आहे. आवाजाच्या पट्टीखाली जागोजागी चिठ्ठ्या लावून ठेवल्यात. तशी सोय प्रोग्रॅममध्येच असते. हे पण लावायचे, 'खोकला', 'चुकलं', 'पुन्हा वाच'. ह्याच्या चिठ्ठ्या अशा: 'दार'. 'फोन, ४ मि.' 'नळ'. 'हसली'. 'पुन्हा नळ'. 'कोणाशी?'

नळ फार वेळा आहे. म्हाताऱ्या माणसांना नळ बंद करायचं भान राहत नाही. माझ्या सासूबाईही तशाच होत्या, बादली भरून वाहायची आणि त्या शेजारणीशी बोलत उभ्या.

पावलं मात्र चपळ आहेत आईंची. बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बारावं प्रकरण संपवलं. खुर्चीने दोनदा दगा दिला, दोन्ही वेळा शांतता भरून झाकलं.

आज निवांतने माझं पुस्तक मिळवून ऐकलं! वाचनालय प्रकरण तयार होईल तसं सभासदांना पाठवतं, अशा एका ओळखीच्या सभासदाकडून घेतलं म्हणे. "तुमचा आवाज फार स्वच्छ आहे. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला तुम्ही नाव आणि गाव सांगता, ते आवडलं. ओळख झाल्यासारखं वाटलं." तो वाचनालयाचा नियमच आहे, ऐकणाऱ्याला वाचणारा कोण ते कळावं म्हणून. तरी कुणी मुद्दाम ऐकून असं लिहिलं की बरं वाटतं. चौदा महिन्यांत माझ्या वाचण्याबद्दल बोलणारा हा पहिला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

निवांतचं नवं फोल्डर. ह्या खेपेला वाऱ्याचा आवाज. मागच्या दाराच्या फटीतून येतो. काढून दिला.

एक फरक जाणवला. ७ तारखेनंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये फोन एकदाही वाजत नाही. चिठ्ठ्यांतही 'फोन' नाही. बरंच झालं, काय काय विकायला फोन करणारे लोक म्हाताऱ्यांना फसवतात. 'हसली' पण कुठे दिसलं नाही.

वन्संना हे सांगितलं.

"आई किती वेळा हसली हे कोण लिहून ठेवतं गं?"

"काळजी असते, वन्सं."

"माझ्या आईची मीही काळजी केली. औषधं लिहून ठेवली, शौचाला झाली का ते लिहून ठेवलं. हसणं नाही लिहिलं."

"तुम्हाला प्रत्येकात काहीतरी काळंबेरं दिसतं."

"तीस वर्षं तारा जोडल्यात बाई मी. दिसत नाही, ऐकू येतं."

त्या गेल्यावर मला राग आला. फोरमवर माझी कुणाला तरी गरज लागते, ते त्यांना बघवत नाही असं वाटलं. वाटलं ते लिहिते. नंतर लाज वाटली, ती पण लिहिते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

घडलं तसं क्रमाने लिहिते.

सकाळी निवांतचं फोल्डर आलं. "ताई, कालच्या रेकॉर्डिंगमध्ये चोवीस सेकंद नळ चालू आहे. त्याखाली काही बोलणं आहे का? नळ काढून द्याल? उद्या संध्याकाळपर्यंत हवं. तुम्हाला जमणार नसेल तर मास्तरांना विचारतो."

मला न जमायला काय झालं? नुसत्या पाण्याचा नमुना प्रोग्रॅमला दाखवायचा आणि सांगायचं, एवढं वजा कर. हेडफोनची तार तुटलेली, म्हणून स्पीकरवर लावलं. वन्संनी तिथेच जमिनीवर बसून मटार सोलायला घेतले होते. चार वेळा पातळी बदलली. पाचव्यांदा पाणी निघून गेलं.

"बघा वन्सं, काय स्वच्छ निघालंय! नळ होता असं वाटतंय का कुठे?"

वन्संचे हात थांबले होते. "नळ गेला खरा," त्या म्हणाल्या. "ही कोण चाललीये?"

मी ऐकलंच नव्हतं. पुन्हा लावलं, आणि ह्या फोरमवर आल्यापासून पहिल्यांदा बोलणं ऐकलं. तरुण बाई. माझ्या निम्म्या वयाची. मागच्या दाराशी कुणाशी तरी कुजबुजत होती. आधी कपडे वाळत घालण्याबद्दल काहीतरी, मग नळ चालू करून, "गुरुवारी. तो नऊला जातो. तू साडेनऊला मागच्या दारी गाडी आण. कागदपत्रं पिठाच्या डब्यात आहेत, फक्त तेवढंच घेऊन निघेन." मग पुन्हा कपडे.

नळ तिने विसरून चालू ठेवलेला नव्हता. एकदाही.

दुपारी मी आणि वन्संनी बसून जुनी सगळी फोल्डरं ऐकली. ७ तारखेचे चाळीस सेकंद, पंख्याची घरघर मी ज्यांतून काढून दिली ते: "ताई, इथे श्वास घेतला तरी त्याला कळतं. मला घेऊन जा." ती बहिणीशी बोलत होती. ते मी धुऊन, पुसून त्याच्या हातात दिलं, आणि त्यानंतर फोन वाजला नाही. ११ तारखेच्या फोल्डरमध्ये आवाजाची आणखी एक पट्टी बंद करून ठेवलेली होती. ती काढायला तो विसरला असणार. तिच्यात त्याचा स्वतःचा आवाज आहे. शांत, समजावणीच्या सुरात. "आज तीनदा हसलीस. सांग पाहू, कोणाशी?" मग भांडं पडल्याचा आवाज, आणि ती "नको" म्हणते. दोनदा.

वन्संनी मटार तसेच ठेवले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

मास्तरांना सगळं लिहिलं, त्याचा पत्ता मागितला. उत्तर तासाभरात आलं. "करकरताई, माझ्याकडे त्याचा फक्त ईमेल आहे, तोही पोलिसांनी लेखी मागितल्याशिवाय देता येणार नाही. त्याने मला फाइल पाठवली तर मी हात लावणार नाही. पण इथे साफ करून देणारे आणखी पन्नास आहेत. ते कुठे बोलणं ऐकतात?"

चौकीवर गेलो. ठाणे अंमलदार म्हणाले, "नाव?" माहीत नाही. "पत्ता?" माहीत नाही. "मग बाई, मी कुणाच्या दारात जाऊ?" चिडून नाही म्हणाले. खरंच विचारत होते.

२६ फेब्रुवारी, बुधवार

नाही जमत म्हणावं तर तो दुसऱ्या कुणाकडे जाणार. त्याला साफ केलेली फाइल हवी, ती द्यायलाच हवी. फक्त तिच्यात ते अकरा सेकंद नकोत. नळ गेला, त्याखाली काहीच नव्हतं, असं त्याच्या कानाने मान्य करायला हवं.

कापायला क्षणभर लागला. भरायचं काय? तिथे तिच्या स्वयंपाकघराची शांतता हवी. त्याच्याकडून आलेलं सगळं मी पालथं घातलं. सलग अकरा सेकंद शांतता कुठेच नाही. असणार कशी? सगळी शांतता गाळून टाक, हे मीच त्याला पहिल्या दिवशी शिकवलं. दोन शब्दांमधली अर्ध्या सेकंदाची फट सापडली, ती बावीस वेळा जोडून पाहिली. घड्याळासारखी टकटक ऐकू येते. काहीच न भरता कोरं ठेवलं तर भोक.

तिच्या घरात पंखा बंद, खिडकी बंद, आणि मागे फ्रिजची बारीक घूं.

फ्रिज सगळ्यांकडे असतो.

ह्यांचं मिनिट मी चौदा महिन्यांत तीनदाच उघडलंय. त्यात काही नाही. बोलणं नाही, खोकला नाही. आम्ही दोघं आहोत, एवढंच. प्रत काढली म्हणून मूळ कमी होत नाही हे मी नवख्यांना दहादा सांगते. तरी अकरा सेकंद उचलताना वाटलं, ह्यांना विचारायला हवं होतं.

फ्रिजची घूं थोडी खाली आणली, कडा विरवल्या. मला जोड सापडेना. मास्तरांचा नियम आठवला, दुसरा कान. वन्संना वर बोलावलं. त्या डोळे मिटून ऐकत बसल्या.

"कपडे वाळत घालतेय. मधे काही बोलणं नाही. मग पुन्हा कपडे. पाठव."

चार वाजता पाठवलं. सोबत लिहिलं, "नळाखाली काही नाही. पाण्याच्या आवाजात कधी कधी बोलल्याचा भास होतो, अनेकांना होतो." एवढ्या दिवसांत फोरमवर मी कुणाला खोटं उत्तर दिलं नव्हतं. खोटं लिहायला फार वेळ लागेल असं वाटलं होतं. लागला नाही.

पाच वाजता उत्तर. "मनावरचं ओझं उतरलं, ताई."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

नऊला चहा ठेवला आणि गाळायला विसरले. साडेनऊला उगाचच आमचं मागचं दार उघडून उभी राहिले. वन्संनी खालून विचारलं, "कोणी आलंय का?" म्हटलं, "नाही, हवा."

दिवसभर वाचन केलं नाही. भांडी दोनदा घासली.

तीन वाजून दहा मिनिटांनी त्याचं पत्र आलं. जसंच्या तसं उतरवते.

"ताई, आज लवकर घरी आलो. घरात कुणी नाही. पिठाचा डबा ओट्यावर उपडा आहे. मग तुमची फाइल पुन्हा ऐकली, नीट, हेडफोन लावून. सतराव्या सेकंदाला खुर्ची करकरते. आमच्या स्वयंपाकघरात खुर्ची नाही. पण ही करकर मी आधी ऐकली आहे. फोरमवर तुमच्या पहिल्या प्रश्नासोबत अजून आहे, आणि तुमच्या बाराव्या प्रकरणात एके ठिकाणी निसटली आहे. प्रकरणाच्या सुरुवातीला नाव आणि गाव सांगता, ते चांगलं करता."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा डबा एवढंच दिसलं. डबा उपडा आहे. घरात कुणी नाही. मी ओरडून वन्संना हाक मारली, "गेली! वन्सं, गेली ती!" त्या जिना चढून धापा टाकत आल्या, पत्र वाचलं आणि खाली जाऊन त्यांच्या दाराला कुलूप घालून, किल्ली घेऊन वर आल्या. हातात उशी आणि औषधांचा डबा होता.

"तुझ्या घोरण्याची सवय नाही मला," म्हणाल्या, "पण होईल."

मग मी ह्यांचं मिनिट लावलं. ऐकून ऐकून सपाट झालेल्या माझ्या कानाला वन्संनी बोट दाखवलं तेव्हा ऐकू आलं. आहे. हे त्या मिनिटात एकदा अंग सावरून बसले होते. हलकंसं, करर. तेव्हा छातीत काही होत होतं का, आणि बोललेच नाहीत का, कोण जाणे. इतके महिने मला वाटत होतं त्यात काहीच नाही.

जिन्यात पाऊल वाजलं की आम्ही दोघी बोलायच्या थांबतो. आत्तापर्यंत दोनदा वाजलं. दोन्ही वेळा वरच्या मजल्यावरचे होते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी आम्ही दोघी पुन्हा चौकीवर गेलो. फोल्डरं आणि कालचं पत्र दिलं. आता त्यांच्याकडे लिहायला एक नाव आणि एक पत्ता होता, माझा. त्यांनी मास्तरांना लेखी मागणी पाठवली आणि आमच्या रस्त्याने शिपाई फिरेल असं सांगितलं. येताना कुलूपवाल्याला बोलावलं. त्याने पुढच्या आणि मागच्या दाराचं कुलूप बदललं. वन्संनी त्याच्याकडून दोनदा उघडून-लावून घेतलं. मग मी मोरीतला नळ पिळला, पंखा थांबवला, खिडकी ओढून घेतली, फ्रिज चालू ठेवला. वन्संना म्हटलं, एक मिनिट हलू नका. त्या दारात उभ्या राहिल्या. मी खुर्चीत बसले, मिनिट घेतलं, नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि तेरावं प्रकरण वाचायला सुरुवात केली.